तळ्याकाठी राहायचं, तर कोणत्या तळ्याकाठी?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)

आदरणीय गुरुजनहो आणि माझ्या बॅचच्या मित्रमैत्रिणींनो,

या सत्राला आयोजकांनी ‘निवृत्तीनंतर कुठे?’ असं नाव दिलंय. आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपासचे. निवृत्तीला अजून वेळ आहे. समोर बसलेले सर आणि बाई मात्र हा पेपर सोडवून बसले आहेत. तेव्हा माझं काही चुकलं, तर वर्गात करायचात तसंच उभं करून सांगा.

गेली वीस वर्षं मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सॉफ्टवेअरचं काम करते. माझ्या नवऱ्याला मासेमारीचं वेड आहे. सुटी लागली की आमच्या गाडीत आधी गळ चढतो, मग सामान आणि शेवटी मी. म्हातारपणी मासे धरता येतील अशा एखाद्या तळ्याकाठी राहायचं, हे त्याचं जुनं स्वप्न. असं तळं आम्ही चार वर्षं शोधत होतो. गेल्या वर्षी ते ठरलं. ते कसं ठरवलं, एवढंच मी सांगणार आहे.

हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा एकाने लगेच विचारलं, “भंडाऱ्याच्या पोरीला तळं शोधायला अमेरिकेत जावं लागते का वो?” प्रश्न बरोबर आहे. आपण शाळेत होतो तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा झाला नव्हता. नवेगावबांध आपल्याच जिल्ह्यात होतं आणि तलावांचा जिल्हा म्हणून आपण मिरवत होतो. पण आमची मुलगी तिथेच वाढली, नोकऱ्या तिथे, डॉक्टर तिथे. म्हणून शोध तिथे घेतला. गंमत अशी, की तळं पारखण्याची अक्कल मात्र पुष्कळशी इथलीच कामी आली.

मिनेसोटात गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘१०,००० तळी’ असं छापलेलं असतं. खरा आकडा त्याहून मोठा आहे. दहा एकरांपेक्षा मोठी तळीच ११,८४२ आहेत. आपले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, माणसांनी पाळ घालून बांधले. कोहळी समाजाचं ते कसब. तिथली बहुतेक तळी हिमनद्यांनी केली. बर्फ मागे हटताना त्याचे प्रचंड तुकडे मातीत गाडले गेले, ते वितळले आणि खड्ड्यांत पाणी साचलं. काही तळी शंभर फूट खोल, तर काही कमरेएवढी. बाहेरून मात्र सगळी सारखीच सुंदर दिसतात. घरं विकणारा दलाल फोटो उन्हाळ्यातल्या संध्याकाळचाच दाखवतो.

आम्ही सुरुवात माशांपासून केली. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याने हजारो तळ्यांची माहिती लोकांसाठी खुली ठेवली आहे: खोलीचा नकाशा, जाळी लावून केलेल्या पाहणीत कोणते मासे किती मिळाले, बीज कधी आणि किती सोडलं. माझ्यासारखीला आयतं खाद्यच. मी तक्ता केला आणि नवऱ्याने गुण दिले. सगळ्यात जास्त गुण वॉलआय या माशाला. तो मिनेसोटाचा राज्यमासा. मोठ्या, चमकणाऱ्या डोळ्यांचा, अंधुक उजेडात शिकार करणारा आणि चवीला उत्तम. या हिशेबाने पहिलं आलं ते उत्तरेकडचं, कॅनडाच्या बाजूचं एक मोठं तळं. दाट जंगल, काठावर घरं तुरळक, मासे भरपूर. नवऱ्याने मनातल्या मनात तिथे घर बांधूनही टाकलं होतं.

त्याच हिवाळ्यात त्याच्या छातीत दुखायला लागलं. वय पन्नास. आम्ही शहरात होतो, रुग्णवाहिका काही मिनिटांत आली, अँजिओप्लास्टी वेळेत झाली. आज तो ठणठणीत आहे. पण घरी आल्यावर मी तो तक्ता उघडला, तर त्यात माशांचे नऊ रकाने होते आणि आमच्या दोघांचा एकही नव्हता. मग मी नव्याने प्रश्न मांडले. ते पाच आहेत.

पहिला प्रश्न : तळं स्वतःच्या जिवावर जगतं का?

तिथे नोव्हेंबरअखेर ते एप्रिल तळी गोठलेली असतात. वर जाड बर्फ, त्यावर भुसभुशीत हिम. उजेड खाली पोचत नाही, पाणवनस्पती मरून कुजतात आणि पाण्यातला प्राणवायू संपत जातो. तळं उथळ असेल, तर वसंतात बर्फ वितळताना मेलेले मासे काठाला लागतात. आपल्याकडचा मरळ वर येऊन हवा घेतो, म्हणून मे महिन्याच्या चिखलपाण्यातही तग धरतो. वॉलआयला ते जमत नाही. तेव्हा खोली बघायची. दुसरं, बीज. आपल्या तलावांत कटला आणि रोहू साचलेल्या पाण्यात आपणहून वाढत नाहीत, त्यांना अंडी घालायला वाहती नदी लागते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यात मत्स्यबीज सोडावं लागतं. तिथेही पुष्कळ तळ्यांतला वॉलआय खात्याने सोडलेल्या बीजावरच टिकून असतो. सोडणं थांबलं की मासा कमी होतो. आपल्याला तिथे वीस-पंचवीस वर्षं काढायची असतील, तर कोणता मासा आपणहून टिकतो ते बघावं.

दुसरा प्रश्न : पाणी कुठून येतं?

काठ सगळे बघतात, वरचा उतार कोणी बघत नाही. वर शेती असेल, तर खतातलं फॉस्फरस पावसाबरोबर तळ्यात उतरतं आणि ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरवी साय धरते. पाण्याची नितळी मोजायची एक साधी युक्ती आहे, १८६५ पासून वापरात असलेली. सेकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाची. एक ताटलीएवढी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते तिथे फूट मोजायचे. अनेक तळ्यांची अशी मोजमापं तिथले रहिवासी वर्षानुवर्षं लिहून ठेवतात. एका वर्षाचा आकडा बघू नये, वीस वर्षांची रेघ बघावी. आणि नितळ म्हणजे निरोगी असंही नाही. झेब्रा शिंपला नावाचा नखाएवढा परदेशी शिंपला जहाजांच्या पाण्यातून अमेरिकेत शिरला आणि होड्यांना चिकटून तळ्यातळ्यांत पसरला. तो पाणी गाळून इतकं खातो, की पाणी आरशासारखं होतं आणि माशांच्या पिल्लांना खायला उरत नाही. म्हणून तिथे तळं सोडताना होडीचं बूच काढून पाणी सांडून देणं कायद्याने सक्तीचं आहे. लोक हा नियम पाळतात का, हे होडीच्या उतारावर अर्धा तास उभं राहिलं तरी कळतं.

तिसरा प्रश्न : घरापासून पाण्यापर्यंत कसं जायचं?

मिनेसोटात काठावर कुठेही घर बांधता येत नाही. तळ्यांचे वर्ग ठरलेले आहेत. राज्याच्या किमान नियमांप्रमाणे, सार्वजनिक सांडपाण्याची सोय नसेल तर, गजबजलेल्या तळ्यावर घर पाण्यापासून ७५ फूट मागे, मधल्या वर्गात १०० फूट आणि निसर्ग राखलेल्या तळ्यावर १५० फूट मागे हवं. तळ्यासाठी हे चांगलंच आहे. पण दीडशे फुटांच्या उतारावर साठ पायऱ्या असतील, तर सत्तराव्या वर्षी आपण ते तळं खिडकीतूनच बघणार. आम्ही प्रत्येक ठिकाणी पायऱ्या मोजल्या. नवरा उतरायचा तेव्हा मी काही बोलायची नाही. वर चढून आल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघायची.

चौथा प्रश्न : जानेवारीत तिथे कोण असतं?

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न हाच. आम्ही नियम केला, की जुलैत आवडलेली प्रत्येक जागा जानेवारीत पुन्हा बघायची. त्या उत्तरेकडच्या तळ्यावर जानेवारीत गेलो. उन्हाळ्यात बारा घरांत दिवे होते, आता दोन धुराडी धुरत होती. बाकीचे लोक ॲरिझोना-फ्लोरिडाकडे गेलेले. मुख्य रस्त्यावरचं बर्फ सरकारी यंत्र काढतं, पण तिथून घरापर्यंतचा पाऊण मैल आपला आपण. रुग्णालय हवा चांगली असेल तर सव्वा तासावर, आणि त्या दिवशी हवा चांगली नव्हती. गाडीत आम्ही दोघंही गप्प होतो. त्याच्या हृदयात जाळी बसवून तेव्हा वर्ष झालं नव्हतं. मीच म्हटलं, “इथे मासे खूप आहेत, पण रात्री दोनला हाक मारायला माणूस नाही.” तो दोन दिवस फारसा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तक्त्यातली ती ओळ त्याने स्वतःच काढून टाकली.

पाचवा प्रश्न : आपल्या आधी ते तळं कोणाचं होतं?

मिल लॅक्स नावाचं तळं तिथे प्रसिद्ध आहे. सव्वा लाख एकरांहून मोठं. त्या भागातली जमीन ओजिब्वे या मूलनिवासी लोकांनी १८३७ च्या तहाने अमेरिकन सरकारला दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल ओजिब्वे लोकांच्या बाजूने लागला. त्यानंतर तिथला वॉलआय कमी झाला. २०१६ चा हंगाम सुरू झाला तेव्हा हौशी मासेमारांना पकडलेला वॉलआय परत सोडून द्यावा लागत होता. काठावर कटुता बरीच आहे. एखाद्या चहाच्या दुकानात बसलं, तरी कानावर येते.

मला तिथे आपल्या शाळेतली मागच्या बाकावरची मुलं आठवली. आपल्या वर्गात ढिवर समाजाची चार मुलं होती. तलावाचा ठेका मच्छीमार सोसायटीला मिळाला की नाही, यावर त्यांच्या घरी त्या वर्षीच्या वह्या-पुस्तकांचं ठरायचं. आपल्याला तलाव म्हणजे सहलीची जागा होती, त्यांना ते शेत होतं. म्हणून मी नवऱ्याला म्हटलं, आपण हौसेने येणारे. जिथे आपल्या हौशीमुळे कोणाच्या ताटातलं कमी होत नाही, अशी जागा बघू.

तर शेवटी कोणतं तळं घेतलं? नाव सांगत नाही. मासेमाराची बायको आहे, जागा फोडायची नसते. ब्रेनर्ड गावाच्या परिसरात, साधारण ४०० एकरांचं, मधोमध चाळीस फूट खोल. रुग्णालय वीस मिनिटांवर. पाण्यापर्यंत अकरा पायऱ्या. जानेवारीत सात धुराडी मोजली. शेजारच्या एका आजींनी पहिल्याच भेटीत विचारलं, “तुमच्याकडे बर्फ ढकलायचं यंत्र आहे का? नसेल तर माझं न्या.” माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता, तो मी त्या रात्री घातला.

वॉलआय तिथे बेताचा. ब्लूगिल आणि क्रॅपी भरपूर, तळहाताएवढे मासे. ते आपणहून अंडी घालतात, कोणी बीज सोडावं लागत नाही. गळाला गांडूळ लावून काठावर खुर्ची टाकून बसलं तरी लागतात. नवऱ्याला मोठा मासा सोडावा लागला, हे खरं आहे. ते त्याला सोपं गेलं नाही, आणि सोपं गेलं असं मी इथे सांगणार नाही. हल्ली तो म्हणतो, की मिनेसोटात नव्वदी ओलांडलेल्या रहिवाशाला मासेमारीचं लायसन्स लागत नाही, आणि त्याला ते फुकटचं वर्ष गाठायचंय. अकरा पायऱ्या असल्या तर गाठेल, असं मी म्हणते.

आता तुमच्यासाठी. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी नागपूरच्या आसपास, कुठे धरणाकाठी, कुठे तलावाकाठी जागा बघायला सुरुवात केली आहे, असं चहाच्या वेळी कळलं. देश वेगळा, पण प्रश्न तेच. जागा मे महिन्यात बघा, पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना. पुन्हा ऑगस्टमध्ये बघा, ते सगळ्यात वर आलेलं असताना. दलालाला विचारण्याआधी मच्छीमार सोसायटीच्या माणसाला विचारा. जमीन पाण्याखाली जाणारी किंवा सरकारी तर नाही ना, याची कागदपत्रं स्वतः बघा. रात्री दवाखान्यापर्यंत गाडी चालवून बघा. आणि जोडीदाराला पायऱ्या चढायला लावा.

सर, बाई, आता प्रश्नोत्तरांची वेळ आहे, आणि पहिला प्रश्न मला तुम्हालाच विचारायचा आहे. तुम्ही निवृत्त झाल्यावर याच गावात राहिलात. तुम्ही काय काय बघितलं होतं?