कचऱ्याच्या टोपलीतली दोन मतं



शाळेवरचे सिनेमे बहुतेक खोटं बोलतात. गुरुजी देव, पोरं फुलं, शेवटी टाळ्या. अमेरिकेत मात्र या गोडगोड खोटेपणाला टाचणी लावणारे काही काळेकुट्ट विनोदी सिनेमे निघाले. त्यातल्या दोनांवर बोलतो. मायकेल लेहमनचा 'हेदर्स', १९८९चा. अलेक्झांडर पेनचा 'इलेक्शन', १९९९चा. दोन्हींत डाव टाकणारी, कावेबाज पोरं आहेत. माझा सवाल एवढाच : त्यांना हे शिकवलं कोणी?

'हेदर्स'मध्ये ओहायोतलं हायस्कूल आहे. हेदर नावाच्या तीन पोरींचं तिथं राज्य. कोणाला जवळ करायचं, कोणाला चिरडायचं, हे त्या ठरवणार. थोरली हेदर विष पिऊन मरते. तो खून असतो, पण व्हेरोनिका तिच्या अक्षरात आत्महत्येची चिठ्ठी लिहिते. झालं! काल जिला सगळे घाबरत होते ती आज थोर. मास्तर मंडळी गहिवरतात.

आणि मार्था? जाडी म्हणून जिची रोज टिंगल, ती खरोखर मरायला गाड्यांसमोर चालत जाते. वाचते. तिच्यासाठी कोण रडतं? उलट टोमणा, बड्यांची नक्कल करायला गेली म्हणून. म्हणजे मरणातसुद्धा उतरंड! ही उतरंड पोरांनी आकाशातून आणलेली नाही.

'इलेक्शन' त्याहून खोल जातो. नेब्रास्कातलं ओमाहा शहर. विद्यार्थी अध्यक्षाची निवडणूक. ट्रेसी फ्लिकला आईनं एकटीनं वाढवलंय. पोरगी राबते, मतं मागते, चिडून दुसऱ्याची पोस्टरं फाडते आणि आळ भलतीवर जाऊ देते. कावेबाज आहेच. पण तिच्याशी संबंध ठेवून एका मास्तरची नोकरी गेलेली असते आणि त्याचा दोस्त मॅकॲलिस्टर राग धरतो तो त्या पोरीवर! हाच गडी वर्गात नीतिमत्ता शिकवतो. तिला पाडायला तो श्रीमंत घरचा, फुटबॉल खेळणारा पॉल उभा करतो. पॉल भोळा, स्वतःला मत देणं बरं दिसत नाही म्हणून ट्रेसीला देतो. ट्रेसी एका मतानं जिंकते. मॅकॲलिस्टर तिची दोन मतं मुठीत चुरगाळून टोपलीत टाकतो. खेळ खलास.

पण टोपली साफ कोण करतं? झाडूवाला. याच मास्तरनं खरकट्याचा डबा नेम चुकवून खाली टाकलेला त्यानं पाहिलेला असतो. ती दोन मतं तोच शोधून काढतो. नागरिकशास्त्राच्या मास्तरनं लोकशाही टोपलीत टाकली, झाडूवाल्यानं उचलली!

इथंच मला पेनशी भांडायचंय. पुढं त्याचा कॅमेरा मास्तरमागं न्यूयॉर्कला जातो, ट्रेसीमागं वॉशिंग्टनला जातो. झाडूवाल्यामागं कोणी जात नाही. सिनेमातल्या शाळेला नाव आहे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरचं. गुलामीत जन्मलेला हा काळा शास्त्रज्ञ. माल्कम एक्सही १९२५ साली ओमाहातच जन्मला. पण गोष्ट फिरते गोऱ्यांभोवतीच. काळ्या माणसाचं नाव पाटीपुरतं.

तरी हे सिनेमे बघा. हसा. पण तुमचं बोट नुसतं त्या पोरीवर रोखू नका. पोरगी मतं मागते. मतं मोजतो कोण ते बघा. आणि टोपलीपाशी वाकलेल्या माणसाला नाव विचारा. सिनेमा विचारत नाही, आपण विचारायचं.