कुमारवयाच्या गरजा आणि प्रेरणा

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या तालुका पातळीवरील शिबिरात केलेले भाषण)



"या मुलांना कशाचीच आवड उरलेली नाही," ही तक्रार आपण सर्वच जण करीत असतो. शिक्षक नववी-दहावीच्या वर्गाविषयी करतात, वडील घरच्या मुलाविषयी करतात आणि सरपंच पारावर बसणाऱ्या पोरांविषयी करतात. माझी आपणांस एवढीच विनंती आहे की, ही तक्रार ओठांवर येण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : या मुलाची कोणती गरज भागावयाची राहिली आहे? प्रेरणा ही उपदेशाने बाहेरून घालता येण्याजोगी वस्तू नव्हे. गरजा ओळखून त्यांना वाट करून दिली म्हणजे ती आतूनच उगवते.

हा विचार मी पुस्तकांत वाचला होता. पण तो पटला माझ्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी एका लहान गावातील मुलगी दहावीच्या परीक्षेत केंद्रात पहिली आली. माहिती अधिकारी या नात्याने मी तिच्या घरी गेलो, छायाचित्र काढले आणि "पुढे काय व्हायचे ठरवले आहेस?" असे विचारले. "नर्स व्हायचे आहे," ती म्हणाली. मी वृत्त लिहिले, मथळ्यात 'जिद्द' हा शब्द घातला आणि ते छापूनही आले. पुढील वर्षी अन्य कामासाठी त्या गावी गेलो, तेव्हा कळले की मुलीने दिवाळीनंतर कॉलेज सोडले होते. कॉलेज चौदा किलोमीटरांवर. एस.टी.चा मोफत पास तिच्याजवळ होता. परंतु संध्याकाळची गाडी फाट्यावर सोडीत असे आणि तेथून गावापर्यंतचा दोन किलोमीटरांचा रस्ता अंधारातला. सोबतीला मैत्रीण नाही. घरच्यांनी धास्ती घेतली. मुलीची जिद्द कोठेही कमी पडली नव्हती, रस्त्यावरचे दिवे कमी पडले होते. तिला काय व्हायचे आहे ते मी विचारले. काय हवे आहे ते मात्र विचारले नाही.

शरीराची आणि सुरक्षिततेची गरज

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे वय कुमारवय मानते. आपल्या देशात २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमानेही हीच मर्यादा स्वीकारली आहे. मानवी गरजांविषयी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली जो निबंध लिहिला, त्यात शरीराच्या गरजा, सुरक्षितता, प्रेम व आपुलकी, प्रतिष्ठा आणि आत्मविकास अशी मांडणी केली. तथापि, हा क्रम अगदी ताठर नसतो, हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. कुमारवयात तर या साऱ्या गरजा एकाच वेळी दार ठोठावीत येतात.

प्रथम शरीराचे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये व ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. दुपारच्या तासाला पेंगणारी मुलगी आळशी आहे असे आपण ठरवून टाकतो. तिच्या अंगात रक्तच कमी असेल, ही शंका आपल्या मनास शिवत नाही. शाळेत दर आठवड्यास दिली जाणारी लोहाची निळी गोळी मुलांनी आपल्यासमोर घेतली की नाही, हे पाहणे म्हणूनच शिक्षकाचे कारकुनी काम नव्हे. अध्यापनाचाच तो एक भाग होय. झोपेचेही तसेच आहे. या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते आणि झोप येण्याची वेळ निसर्गतःच पुढे सरकते.

सुरक्षिततेची गोष्ट वर आलीच आहे. २००६ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १८ वर्षे ठरविले. तरीही वरील पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधीच झाल्याचे दिसून आले. रस्ता, दिवा, स्वच्छतागृह आणि गाडीची वेळ या गोष्टी अंदाजपत्रकात बांधकामाच्या सदरात पडतात. मुलीच्या आयुष्यात त्या शिक्षणाच्या सदरात मोडतात.

सोबत आणि प्रतिष्ठा

या वयात आईवडिलांच्या शब्दापेक्षा मित्राच्या शब्दाला वजन येते. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पडद्यावर मोटार चालविण्याचा खेळ दिला होता. सोबती जवळ असताना कुमारवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या वागण्यात मात्र असा फरक पडला नाही. यावरून मित्र वाईट असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सोबतीची ओढ ही त्या वयाची भूकच आहे. पारावरची पोरे हुसकावून लावली तर ती गावाबाहेरच्या पुलावर बसतील. त्याच टोळक्याकडे वाचनालयाची किल्ली, कबड्डीचे मैदान किंवा रोपांची राखण सोपविली, तर सोबतही राहते आणि मानही मिळतो.

आता आमिषाविषयी. "नव्वद टक्के मिळव, मोबाइल घेऊन देतो," असे आपण सहज म्हणून जातो. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कोडी सोडवावयास दिली. ज्यांना त्यासाठी पैसे देण्यात आले, त्यांची मोकळ्या वेळात कोड्यांत रमण्याची ओढ पुढे ओसरलेली दिसली. पुढे डेसी व रिचर्ड रायन यांनी असे प्रतिपादन केले की, माणसाला आतून चालना देणाऱ्या गरजा तीन : आपला निर्णय आपण घेता यावा, काही तरी नीट करता यावे आणि आपले कोणी तरी असावे. बक्षीस देऊ नये असा याचा अर्थ नाही. बक्षिसाने या तिन्हींची जागा भरून निघत नाही, एवढेच ध्यानात ठेवावयाचे.

आपल्या मातीतील उदाहरण

हे सारे आपल्याला परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीला जेवली, आपला स्वयंपाक आपण करू लागली आणि 'कमवा व शिका' या तत्त्वाने स्वतःच्या कष्टावर शिकली. पोटाला अन्न, डोक्यावर छप्पर, सोबत, कष्टाची प्रतिष्ठा आणि पुढची वाट या पाचही गोष्टी त्या एका योजनेत सामावल्या होत्या. खेड्यातील गरीब मुलांत शिक्षणाची ओढ आहे की नाही, यावर कर्मवीर वाद घालीत बसले नाहीत. त्यांनी गरजांची सोय केली आणि ओढ दिसू लागली.

आपण काय करावे?

शिक्षकांनी वर्षातून एकदा प्रत्येक मुलाशी गुणांचा विषय न काढता दहा मिनिटे बोलावे. ग्रामपंचायतीने गावातील मुलामुलींना एकत्र बसवून, गावात त्यांना काय अडते ते विचारावे आणि त्यांनी सांगितलेले एक तरी काम त्या वर्षीच पुरे करावे. मागणी मान्य झाल्याचा अनुभव हा जबाबदारीचा पहिला धडा असतो. आणि आम्ही शासकीय कर्मचाऱ्यांनी यशाची वृत्ते जरूर लिहावीत; पण वर्षभराने पुन्हा त्या दारी जाऊन यावे.

त्या फाट्यापासून गावापर्यंत आता दिवे लागले आहेत. ग्रामपंचायतीनेच ते काम केले आणि संध्याकाळी पाच-सहा मुली गप्पा मारीत त्या रस्त्याने घरी येतात. जिच्यामुळे या रस्त्याची आठवण सर्वांना झाली, तिचे मात्र अठरा पूर्ण होताच लग्न झाले. तिच्यासाठी ते दिवे उशिरा लागले. आपापल्या गावी परतल्यावर असा कोणता दिवा लावावयाचा राहिला आहे, हे आपण पाहावे आणि तो वेळेवर लावावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.