कंप हाताचा आणि मनाचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, घरसंसार सांभाळणारी बाई. भाषणाचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

आमच्या मामंजींना सहा वर्षांपासून कंपवात आहे. १८१७ साली जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी या दुखण्याचे वर्णन लिहिले, म्हणून त्याला पार्किन्सन म्हणतात. हात थरथरतो, पाऊल अडखळते, हे आम्ही रोज पाहत होतो. मनही खचते, हे मात्र ठाऊक नव्हते.

एकदा पाहुण्यांसमोर मामंजींच्या हातून चहा धोतरावर सांडला. रात्री ते म्हणाले, "सूनबाई, मी तुम्हाला भार झालो. आता सुटलो तर बरे." मी म्हटले, "तिन्हीत्रिकाळ असले अभद्र बोलू नये!" आणि ताट उचलून आत गेले. ते पुन्हा बोलले नाहीत. मला वाटले, विसरले. पुढे त्यांनी जपलेले घड्याळ नातवाला देऊन टाकले, कागदपत्रे नीट लावून ठेवली. तरी मला उमगले नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना सरळ विचारले, "आजोबा, जीव नकोसा होतो का?" मामंजी लहान मुलासारखे रडले. मी खाली मान घातली.

डॉक्टरांनी मग समजावले. या दुखण्यात मेंदूतील डोपामिन नावाचे द्रव्य कमी पडते; त्याने हालचाल मंदावते, तसे मनही झाकोळते. सुमारे तीन रुग्णांत एकाला उदासीनता येते, काहींना तर कंप सुटण्याआधीच. तैवानमधील अभ्यासात, २०२१ साली, या रुग्णांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले. शिवाय चेहरा ताठरल्याने दुःख तोंडावर उमटत नाही. म्हणून विचारावे लागते. विचारल्याने नसलेला विचार मनात येत नाही. उलट माणूस मोकळा होतो.

मामंजींच्या मनावरही उपचार सुरू झाले. गोळ्यांचा डबा मी माझ्या ताब्यात घेतला. कंपवाताची गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते, हेही शिकले. हात अजून थरथरतो. पण आता कप अर्धाच भरते, शेजारी बसते आणि विचारते, "मामंजी, आज मन कसे आहे?" कधी म्हणतात बरे, कधी म्हणतात नाही. नाही म्हणतात, तेव्हा मी उठून जात नाही.

भगिनींनो, आपल्या आळीत असे कोणी असेल तर "अभद्र बोलू नका" म्हणून गप्प करू नका. ऐकून घ्या, एकटे सोडू नका, डॉक्टरांना सांगा. १४४१६ या सरकारी टेलिफोनवर रात्रंदिवस, मराठीतूनही, फुकट सल्ला मिळतो. पोलिसांच्या भयाने लपवू नका. जीव देऊ पाहणाऱ्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यावेत, असे २०१७ चा कायदा सांगतो. आणि सेवा करणाऱ्या सुनेला, लेकीलाही तासभर विसावा द्या. तिचेही मन थकते.

त्या रात्री मी ताट उचलून आत गेले. तुम्ही जाऊ नका, एवढेच सांगून आपली रजा घेते.