खेड्यातील डॉक्टर आणि जन्माचे दुखणे



रक्तदाब आणि मधुमेह हे आता केवळ शहरी सुखवस्तूंचे आजार राहिलेले नाहीत. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतही घरचा कर्ता माणूस पन्नाशीत लकव्याने अंथरुणाला खिळतो आणि सारे घर बसते. मग डॉक्टर करतात काय, असे लोक विचारतात. माझे म्हणणे असे की, येथे डॉक्टरचे ज्ञान क्वचितच कमी पडते. कमी पडतो तो वेळ, औषधांचा नियमित पुरवठा आणि रुग्णाची नोंद.

सपाटीवर 30,000 आणि आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा शासकीय निकष आहे. ताप, बाळंतपण, सर्पदंश, लसीकरण आणि कागदपत्रे हे सारे तेथील डॉक्टरांनीच पाहायचे. ज्याला काहीच दुखत नाही, अशा रक्तदाबाच्या रुग्णाशी त्यांनी बोलावे केव्हा? खासगी डॉक्टरांची अडचण निराळी. मजुरी बुडवून आलेला रुग्ण इंजेक्शन मागतो. महिन्याच्या गोळ्या लिहिल्या तर आठ दिवसांच्याच घेतो आणि बरे वाटताच त्याही सोडतो. साक्री-शिरपूरकडील मजूर कामासाठी परगावी गेला की उपचाराचा धागाच तुटतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन टिकवायचे कसे, हेही डॉक्टरांनाच सांगावे लागते.

आपल्या समाजापुरते एक सांगतो. रोजे धरणारे कित्येक मधुमेही गोळ्यांची वेळ स्वतःच बदलतात. हे धोक्याचे आहे. रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना विचारावे. कोणी रोजा धरावा, कोणी धरू नये, हे तपासूनच ठरते.

यावर उपाय नाही असे नाही. 2017 साली सुरू झालेला रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात प्रथम सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत राबविला गेला. त्याची सूत्रे साधी : ठरावीक औषधयोजना, महिनाभराच्या गोळ्या एकदम, रक्तदाब मोजण्यास परिचारिकेची मदत आणि प्रत्येक रुग्णाचे कार्ड. त्यामुळे डॉक्टरांचा भार वाटला जातो आणि न आलेला रुग्ण चटकन ध्यानात येतो.

विद्यार्थी मित्रांनो, हे कार्ड वाचणे तुमच्या हातचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांची पुढील तारीख पाहा, गोळ्या संपण्याआधी आठवण करा. शिक्षणाचा एवढा लाभ घराला झाला, तरी एखादा कर्ता माणूस आपल्या पायावर उभा राहील.