मुसाफिर आणि मिसाफिर



आमच्या कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यांत एके काळी घरटी एक माणूस बोटीवर असायचा. आमच्या घरातले अब्बा बोटीवर होते. ते तेलवाला होते. तेलवाला म्हणजे तेल विकणारा नव्हे, तर जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये, यंत्रांना तेलपाणी करणारा खलाशी. सारंग, टिंडेल, तेलवाला, आगवाला ही त्या दुनियेतली पदं. वर्षातले नऊ-दहा महिने ते समुद्रावर आणि उरलेले दिवस घरी. घरी असले की रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसून ते गोष्टी सांगत.

त्यातली एक गोष्ट इस्तंबूलची होती. सत्तरच्या दशकात त्यांचं मालवाहू जहाज काळ्या समुद्रातल्या ओडेसा बंदराकडे दोनदा गेलं होतं. तिथे जायचं तर बॉस्फरसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच जावं लागतं. अब्बा म्हणायचे, "पहाटे पाळी संपवून वर डेकवर आलो. दोन्ही बाजूंना दिवे लागलेले. आणि अजान सुरू झाली. ह्या काठावरून एक, त्या काठावरून दुसरी. मधल्या पाण्यात आपण." जहाज तिथे थांबलं नाही. शहराला त्यांचा पाय लागलाच नाही.

मी कॉलेजात असताना, नुकत्याच कविता करू लागलेल्या मुलाला जेवढी अक्कल असते तेवढीच मला होती. एकदा ही गोष्ट पुन्हा सुरू झाली आणि मी पटकन बोलून गेलो, "अब्बा, तुम्ही दुनिया कुठे पाहिलीत? तुम्ही फक्त इंजिन पाहिलंत." ते हसले. पण त्यानंतर ती गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नाही. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी कारकुनी केली, कवितासंग्रह काढले, पण पन्नाशी गाठेपर्यंत माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. तो आल्यावर पहिल्यांदा कुठे जायचं, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात मी आणि माझी पत्नी निघालो. अम्माने दोघांच्या दंडाला इमामजामीन बांधलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला नाणं बांधून त्याला अल्लाच्या हवाली करायची ही आमच्याकडची जुनी रीत. शेजारच्या काकूंनी हातावर दही ठेवलं. अशी दुहेरी तयारी करून आम्ही मुंबईहून विमानात बसलो.

सुमारे सात तासांनी इस्तंबूलला उतरलो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शहराच्या जुन्या मुख्य विमानतळावरची प्रवासी विमानं काळ्या समुद्राजवळच्या या नव्या विमानतळावर आली होती. पाटीवर विमानतळाला शब्द होता 'हवालिमाने'. 'हवा' आपलीच आणि 'लिमान' म्हणजे बंदर. हवेचं बंदर! खलाशाच्या मुलाला यापेक्षा चांगलं स्वागत कुठलं मिळणार? पुढे कळलं की तुर्कीत आपली कितीतरी माणसं भेटतात. दुकानाला दुक्यान, हिशेबाला हेसाप, साबणाला साबुन, साखरेला शेकेर, मैदानाला मेयदान. चहाला तर चायच म्हणतात. अरबी-फारसीतून काही शब्द मराठीकडे आले आणि काही तिकडे गेले. भाऊ वाटण्या करून वेगळ्या गावी राहावेत तसे ते.

शहर दोन खंडांत आहे. अर्धं युरोपात, अर्धं आशियात आणि मधे बॉस्फरस. त्याची लांबी सुमारे ३१ किलोमीटर, पण सर्वांत अरुंद जागी रुंदी ७०० मीटरच्या आसपास. आमची खोली आशियाच्या बाजूला, कादिकॉय भागात होती. म्हणून संध्याकाळी एमिनोनूच्या धक्क्यावर गेलो. इथल्या फेरीबोटींना 'वापुर' म्हणतात. बॉस्फरसवर उतारूंची ने-आण करणारी कंपनी इथे १८५१ मध्ये निघाली. आपली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली १८५३ मध्ये, त्याच्याही आधी!

धक्क्यावर आमची पंचाईत झाली. आत जायला रोख पैसे चालत नव्हते. बस, ट्राम, मेट्रो, बोट सगळ्याला एकच कार्ड चालतं आणि ते आमच्याकडे नव्हतं. मागे माणसांची रांग वाढत चाललेली, पत्नी म्हणतेय "बाजूला तरी व्हा", आणि मी हातात नोटा घेऊन उभा. तेवढ्यात मागच्या एका कॉलेजकन्येने आपलं कार्ड यंत्राला लावलं आणि पत्नीला आत जाण्याची खूण केली. पुन्हा लावलं, मला आत घातलं. मी पैसे पुढे केले तर तिने छातीवर हात ठेवला, मान हलवली आणि एकच शब्द बोलली, "मिसाफिर."

मी म्हटलं, हो, मुसाफिर. नंतर कळलं की तिला ते म्हणायचं नव्हतं. मूळ अरबी शब्द एकच, त्याचा अर्थ प्रवासी. मराठीत, उर्दूत तो त्याच अर्थाने राहिला. तुर्कीत मात्र त्याचा अर्थ झाला पाहुणा. आपल्याकडे जो निघाला तो मुसाफिर, त्यांच्याकडे जो दारात पोचला तो मिसाफिर.

बोट सुटली. लोकांनी कंबर बारीक असलेल्या पेल्यांतून चहा घेतला, सिमित नावाच्या तीळ लावलेल्या कड्यांचे तुकडे समुद्रपक्ष्यांना टाकले. पत्नी आत बसली. मी बाहेर कठड्याला धरून उभा राहिलो. तळपायांना इंजिनाची थरथर लागत होती. त्या लोखंडाखाली कुणीतरी कुणाचा बाप तेलाने माखलेल्या हातांनी काम करत असेल, हे मनात आलं आणि तेवढ्यात सूर्य बुडाला.

मागच्या काठावरून मगरिबची अजान उठली. एक मशीद, मग दुसरी, मग तिसरी. त्या शांत होतात न होतात तोच उजळत्या दिव्यांच्या समोरच्या काठावरून, उस्कुदारच्या बाजूने, दुसरी लाट आली. मधल्या पाण्यात आम्ही. अब्बांनी सांगितलं होतं अगदी तसंच. एक अक्षर इकडेतिकडे नाही.

मी आत जाऊन बसलो. पत्नीने विचारलं, "वारा लागला का डोळ्यांना?" मी हो म्हटलं.

कादिकॉय जवळ आलं तसं पाण्याला लागून एक दगडी राजवाडा दिसला. ते हैदरपाशा स्टेशन. जर्मन वास्तुविशारदांनी बांधलेलं आणि १९०८ मध्ये उघडलेलं. बगदादकडे जाणाऱ्या लोहमार्गाचा आरंभ इथला. त्याच १९०८ मध्ये तिकडे दमास्कसहून निघालेली हेजाझ रेल्वे मदिनेला पोचली. तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानातलेही होते. हैदरपाशाच्या छपराला २०१० मध्ये आग लागली आणि २०१३ मध्ये गाड्या बंद झाल्या. आम्ही गेलो तेव्हा तिथून एकही गाडी सुटत नव्हती.

गाडी आता समुद्राखालून जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही तोही अनुभव घेतला. समुद्राखालून रस्ता न्यायची कल्पना १८६० ची, पण मार्मराय नावाची ही रेल्वे सुरू झाली २९ ऑक्टोबर २०१३ रोजी, तुर्की प्रजासत्ताकाच्या नव्वदाव्या वर्धापनदिनी. सुमारे १.४ किलोमीटरचा तिचा भाग काँक्रीटच्या नळ्या समुद्रतळाशी बसवून केलाय, सर्वांत खोल जागी पाण्याखाली साठेक मीटर. येनीकापी इथे खणताना थिओडोसियस बादशहाचं गाडलं गेलेलं बंदर सापडलं आणि त्यात ३७ जुनी जहाजं. काम बरीच वर्षं रेंगाळलं. पण मला ते रेंगाळणं आवडलं. जुन्या खलाशांना वाट करून दिल्याशिवाय नव्या गाडीला पुढे जाता आलं नाही.

तिथून आम्ही वेगवान रेल्वेने कोन्याला निघालो. ताशी २५० किलोमीटरपर्यंत वेग घेणारी गाडी, साडेचार तासांच्या आसपासचा प्रवास. स्टेशनात सामान यंत्रातून तपासतात, तिकिटाबरोबर पासपोर्ट पाहतात, म्हणून अर्धा तास आधी पोचलेलं बरं. खिडकीतून आधी समुद्र, मग डोंगर, मग अनातोलियाचं पठार. कापणी झालेलं, तांबूस, मैलोगणती मोकळं. आमच्या पत्नीचं माहेर मराठवाड्यातलं. ती म्हणाली, "हे तर आमच्याकडचंच शिवार आहे, फक्त बाभळी नाहीत."

कोन्या हे मौलाना जलालुद्दीन रूमींचं गाव. जन्म १२०७ चा, बल्खकडचा. लहानपणीच घराणं देशोधडीला निघालं आणि हजारो मैल फिरून इथे स्थिरावलं. म्हणजे तेही आधी मुसाफिर, मग मिसाफिर आणि शेवटी गावकरी. १७ डिसेंबर १२७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्या रात्रीला तिथे 'शेब-इ-अरूस' म्हणतात, लग्नाची रात्र. आपल्या गावोगावच्या पीरांचा उरूस भरतो, तो शब्द याच कुळातला. मरणाला लग्न म्हणणारा हा शब्द आपण जत्रेच्या गर्दीत किती सहज वापरतो! १९२५ मध्ये तुर्कस्तानात दर्वेशांचे मठ कायद्याने बंद झाले आणि १९२७ मध्ये इथे संग्रहालय उघडलं. तरी हिरव्या घुमटाखाली माणसं हात उचलून उभी होतीच.

पुढचा प्रवास रस्त्याने केला. तुर्की बसबद्दल दोन गोष्टी सांगतो. अनोळखी बाई आणि पुरुष यांना शेजारची जागा देत नाहीत, हा तिथला रिवाज. आणि गाडी सुटली की एक पोऱ्या चहा, केक घेऊन येतो आणि प्रत्येकाच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन ओततो. आपल्याकडे लग्नात गुलाबपाणी शिंपडतात ना, तसं. शहरात 'दोल्मुश' नावाच्या गाड्या असतात. दोल्मुश म्हणजे भरलेली. भरली की सुटते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, आपल्या वडापचा तो सख्खा भाऊ.

वाटेत सुल्तानहानीला उतरलो. १२२९ मध्ये सेल्जुक सुलतान अलाउद्दीन कैकोबाद याने बांधलेली सराई तिथे उभी आहे. भलंमोठं नक्षीदार दार, आत चौक, चौकाच्या मधोमध चार कमानींवर उचललेली इवलीशी मशीद, मागे थंडीवाऱ्यासाठी उंच दालन. उंटांच्या एकेका दिवसाच्या मजलेवर अशा सराया असत. वाटसरूला तीन दिवस अन्न, निवारा आणि त्याच्या जनावराला चारा, सगळं विनामूल्य. धर्म कुठला, मुलूख कुठला याची अट नव्हती. धक्क्यावर कार्ड लावणारी ती मुलगी मला तिथे पुन्हा आठवली. तिच्या त्या एका शब्दाला आठशे वर्षांचा पाया होता.

परतीला कायसेरीहून विमान घेतलं. सव्वा तासात इस्तंबूल. उतरण्याआधी विमान वळलं आणि खाली काळा समुद्र दिसला. सामुद्रधुनीच्या तोंडाशी जहाजं आपली पाळी यायची वाट पाहत उभी होती. वरून ती काडेपेटीएवढी दिसत होती. डेकवर कुणी उभं असलं तरी दिसलं नसतं, मग इंजिनरूममधला माणूस कुठून दिसणार! बावीस वर्षांचा असताना मीही असाच उंचावर होतो.

तुम्हाला कधी जाणं झालं, तर व्हिसाचे चालू नियम निघण्यापूर्वी पाहा, पोचल्याबरोबर ते वाहतुकीचं कार्ड घ्या आणि सूर्यास्ताच्या वेळी एमिनोनूहून पलीकडे जाणाऱ्या बोटीत बसा. आत नाही, बाहेर.

घरी पोचलो तेव्हा अम्मा ओटीवरच होती. ऐंशीच्या पुढचं वय, कान जरा कमी झालेत. दंडावरचं इमामजामीन सोडता सोडता तिने विचारलं, "दोन्हीकडून ऐकू येते का रे? ते सांगायचे तशी?" तेव्हा मला कळलं की त्या रात्री माझं बोलणं तिनेही ऐकलं होतं.

मी मोठ्याने म्हणालो, "हो अम्मा. दोन्हीकडून."

ती आत गेली आणि अब्बांची जहाजावरच्या नोकरीची नोंदवही घेऊन आली. तिच्यात जहाजाचं नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि ठिकाण. वाटेत काय पाहिलं, काय ऐकलं, याला त्यात रकाना नाही. इस्तंबूलचं नाव कुठेच नाही, कारण ते तिथे उतरलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही घेतलेलं ते बोटीचं कार्ड माझ्या खिशात होतं. अम्मा म्हणाली, "ह्यात ठेव." मी ठेवलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)