डोशीनं जपलेले कागद

(डोशीच्या दिवसाला पाड्यावर जमलेल्या माणसांपुढे तिच्या घरच्या बायांनी केलेलं भाषण. बोलल्या तसं लिहून घेतलं आहे.)



आम्ही चौघी इथं उभ्या आहोत. दोन सुना, एक लेक आणि मोठी नात. एकटीला बोलायला लावलं तर रडू येईल, म्हणून चौघींनी मिळून बोलायचं ठरवलं. एक अडली की दुसरी सांगेल.

आवणी उरकली, डोशीला ताप आला, आणि चार दिवसांत ती गेली. तिचं वय कुणाला ठाऊक नाही. ती सांगायची, १९४५ साली लाल बावटा आला तेव्हा मी शेरडं राखत होते. त्यावरून काय ते धरा. तिचा बाप लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराचे पैसे घेतले आणि नवरा-बायको दोघं त्याच्या दारात राबत राहिली. मग लोकांनी वेठ बंद केली. पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये मागितले. तेव्हा बाप सुटून घरी आला. डोशी म्हणायची, "तवा मी बापाचं तोंड पयल्यांदा उजेडात बघितलं."

लग्न होऊन ती या पाड्यावर आली. आजा आणि ती, दोघांनी मिळून वरचा प्लॉट कसला. आज्यानं नांगर धरला, तिनं दगड वेचले. ते दगड अजून बांधावर आहेत. वरच्या अंगाला मोह, खाली ओहोळ, उगवतीला तिची दगडाची रांग. तिथं नागली, वरई पिकली आणि आम्ही सगळे जगलो. तिला पाच पोरं झाली, तीन वाचली. पावसात कणगी रिकामी झाली की ती कडूकंद आणायची. चिरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायची, मग उकडून सगळ्यांना वाढायची. स्वतः शेवटी बसायची. "मला भूक नाय," हे तिचं खोटं आम्हाला मोठं झाल्यावर कळलं.

ती गोडच होती असं आम्ही म्हणणार नाही. सुनांना शिव्या द्यायची. बी राखेत नीट घोळलं नाही तर दिवसभर बडबडायची. धाकटा दारू पिऊन आला तर त्याला दाराबाहेर झोपवायची, आणि रात्री उठून त्याच्या अंगावर घोंगडी टाकायची. नातीला आश्रमशाळेत घातली तेव्हा तिथवर चालत गेली आणि परत येताना सगळ्या वाटेनं रडली. पण पोरगी सुट्टीत आली की पहिलं सांगायची, "वाचून दाव, काय शिकलीस."

आता त्या कागदांचं सांगतो. प्लॉटवर दर दोन-तीन वर्षांनी गार्ड यायचा. दंड घ्यायचा. घाबरून लोक पैसे द्यायचे आणि गप बसायचे. डोशी आधी पाणी द्यायची, मग म्हणायची, "पैसं घेतलंस ना, मग पावती दे." एकदा एकानं पैशाबरोबर कोंबडीही धरली. डोशी म्हणाली, "कोंबडी पण पावतीवर लिही." तो लिहीना. ती वाट सोडीना. शेवटी कोंबडी सोडून गेला. हे आम्ही लहानपणापासून ऐकलं आणि दर वेळी हसलो.

तिला वाचता येत नव्हतं. पण सगळ्या पावत्या तिनं बांबूच्या नळकांड्यात घालून चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्या. धुरामुळे वाळवी लागली नाही. कोणती पावती कधीची, ते तिला पाठ होतं. ही थोरला झाला त्या सालची, ही बैल मेला त्या सालची. दंड म्हणून दिलेला तो कागद, त्यानंच आज आमचा ताबा सिद्ध होतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आम्ही कसतो, याचा पुरावा दुसरा कोण देणार?

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. दाव्याचे फॉर्म भरायला सगळे शाळेपुढे बसलो होतो. लिहिणाऱ्या पोरानं आज्याला विचारलं, बायकोचं नाव? आजा गप. आयुष्यात त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. "हिला विचार," म्हणाला. पोरगा म्हणाला, राहू दे, तुमचं एकट्याचं लिहितो. तेव्हा डोशी उठली आणि सगळ्या सभेपुढं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं. म्हणाली, "दगड म्या वेचलं. माझं बी लिव." आजा खाली बघून हसत होता. तो आज इथं बसला आहे, त्याला विचारा.

कायदाही तेच सांगतो. नवरा-बायको असतील तर हक्क दोघांच्या नावानं. ही जमीन विकता येत नाही, वारसाला जाते.

मोजणी झाली तेव्हा आज्याला दिसत नव्हतं. डोशी पुढे चालली, तो तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे. हद्दीच्या दगडाशी आली की ती त्याचा हात दगडावर ठेवायची.

पट्टा अजून आला नाही. ती गेली. आता कोणी म्हणतं, मेलेल्या बाईचं नाव कशाला, खोडा. आम्ही ग्रामसभेला सांगतो, दाव्यावरचं तिचं नाव आणि अंगठा खोडू नका. ती वारली असं ठरावात लिहा, वारस लिहा, पण जमीन दोघांनी कसली हे पुसू नका. पट्ट्यावर काय येईल ते पुढे बघू. त्यासाठी लागेल तिथं आम्ही चौघी जाऊ.

आणखी एक सांगायचं आहे. कायद्यात एक पुरावा पुरत नाही, निदान दोन लागतात. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा धरतात. डोशीनं शेजारच्या सहा घरांसाठी जबाब दिला, अंगठा दिला. सातव्या घराचा राहिला. आवणी झाल्यावर घेऊ म्हणालो. आता त्या घराचा मोह कुणी लावला, बांध कुणी घातला, ते डोशीसारखं सांगणारं माणूस राहिलं नाही. ही चूक आमची आहे. तुम्ही ती करू नका.

म्हणून भात कापायच्या आधी प्रत्येक पाड्यानं तीन कामं करा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दंडाच्या पावत्या शोधा, झेरॉक्स काढा, मूळ कागद घरातच ठेवा. आणि प्रत्येक दाव्यात बाईच्या नावाची जागा भरली आहे का ते बघा. समितीत एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत असा नियम आहे. त्या बायांनी हे काम हातात घ्या.

ते नळकांडं आम्ही आज माळ्यावरून काढलं होतं. पावत्या मोजल्या, अकरा निघाल्या. परत तिथंच ठेवलं आहे. खाली चूल पेटती ठेवणं आता आमचं काम.

झिंदाबाद.