हँडब्रेक ओढला तरी ट्रेलर का सुटतो?

(होसकोटे येथे ट्रेलरचालक, मशिन ऑपरेटर व यार्डातील हमाल कामगारांच्या सभेत मराठी सहकाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाडी उभी केल्यावर पहिले काम काय, असे कोणत्याही ट्रेलरच्या ड्रायव्हरला विचारा. तो सांगेल, हँडब्रेक ओढणे. उत्तर बरोबर आहे. पण मागून पोकलेन चढत असताना, हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही, गाडी जागची सुटू शकते. अशा वेळी लोक म्हणतात, ब्रेक फेल झाला. पुष्कळदा ब्रेक ठणठणीत असतो; चाकावरचे वजनच गेलेले असते. आज आम्ही एवढ्या एकाच गोष्टीवर बोलणार आहोत.

होसकोटे हे गाव आपल्याला परके नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत बेंगळुरू, कोलारबरोबर होसकोटेही होते. तो इतिहास झाला. आज आपण इथे येतो ते रस्त्यामुळे. ठाणे-पुणे-कोल्हापूर-बेळगाववरून येणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ इथूनच कोलार आणि पुढे चेन्नईकडे जात असे. इथल्या भागाला आता ७५ क्रमांक आहे. चाकण-तळेगावला तयार झालेली मशिने दक्षिणेकडे येतात, कोलार गोल्ड फील्ड्सच्या भारत अर्थ मूव्हर्सच्या कारखान्यातली मशिने याच बाजूने बाहेर पडतात. १९९८ पासून व्होल्वोचे ट्रक होसकोट्यातच बनू लागले. बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती मार्गही इथूनच सुरू होतो. म्हणजे रस्त्याची कामे आणि मशिनांची चढ-उतार या भागात रोजचीच.

आता हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. आपापल्या गाडीचे आकडे घालून प्रत्येकाने तो पुन्हा करावा. पोकलेन २० टनांचा, रिकामा ट्रेलर घोड्यासह २१ टनांचा. बहुतेक घोड्यांत हँडब्रेक मागच्या, म्हणजे इंजिनची ताकद ज्यांना मिळते त्या चाकांवर बसतो. रिकाम्या गाडीत त्या चाकांवर ८ टन वजन आहे असे धरा. ट्रेलरच्या अ‍ॅक्सलपासून मागची कड २ मीटर, आणि अ‍ॅक्सलपासून पुढे किंगपिन ८ मीटर.

पोकलेन रॅम्पवरून वर येऊन मागच्या कडेवर टेकला, की ट्रेलरचा लहान मुलांच्या सी-सॉसारखा खेळ होतो. मागे २० टन खाली दाबतात, अ‍ॅक्सल मधला टेकू बनतो आणि पुढे किंगपिनपाशी ५ टनांची उचल बसते. घोड्याच्या मागच्या चाकांवर ८ टन होते, उरले ३. खाली ओला मुरूम असेल तर टायरची पकड वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी धरू, म्हणजे १ टन. जमिनीला शंभरात तीनचा उतार असेल, जो डोळ्यांना धड दिसतही नाही, तर ४१ टनांचा एकूण बोजा उताराकडे सव्वा टनाने ओढत असतो. १ टनाने सव्वा टन धरून ठेवायचे! घोड्याचे तोंड उताराकडे असेल तर गाडी पुढे सरकते, रॅम्प निसटतो आणि अर्धवट चढलेला पोकलेन मागे कलंडतो. मशिन पुढे येऊन अ‍ॅक्सल ओलांडते तेव्हा वजन पुन्हा घोड्यावर येते. धोका त्या मधल्या मिनिट-दोन मिनिटांतच आहे. उतरवतानाही तीच मिनिटे उलट क्रमाने येतात, पण माल पोहोचला या समाधानात ती कोणी मोजत नाही.

कोणी विचारेल, ट्रेलरच्या चाकांना ब्रेक नसतो काय? असतो. मात्र त्याला स्प्रिंग ब्रेक आहे की नुसता हवेवर चालणारा, हे तपासून घ्या. स्प्रिंग ब्रेक हवा गेली की आपोआप बसतो. नुसत्या हवेचा ब्रेक टाकीत हवा आहे तोवरच धरतो. कुठे बारीक गळती असली तर चहा पिऊन येईपर्यंत तो सैल पडू शकतो.

म्हणून ज्या चाकांवर त्या क्षणी वजन आहे तीच चाके अडवायची. मशिन कडेवर असताना सर्वांत जास्त वजन ट्रेलरच्या चाकांवर असते. तिथे पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंना, चाकाच्या मापाचे भक्कम ठोकळे हवेत. रस्त्याकडेचा गोल दगड नको, तो चाकाबरोबर फिरतो. ट्रेलरच्या मागच्या कडेखाली लाकडी स्लीपर किंवा जॅकचा पक्का टेकू दिला, तर घोडा उचलला जाण्याचे मूळच बंद होते. आमच्या मते हे ठोकळ्यांइतकेच महत्त्वाचे आहे, आणि नेमके हेच घाईत गाळले जाते. घोडा जोडलेलाच ठेवावा, जागा सपाट निवडावी. ऑपरेटरनेही फळीवर चढताच मशिनला झटका देऊ नये. २० टन अचानक थांबले की सगळा धक्का ट्रेलरला बसतो.

काही यार्डांत ड्रायव्हरला ब्रेकवर पाय ठेवून केबिनमध्ये बसवतात. पायाच्या ब्रेकने सर्व चाके धरली जातात हे खरे. पण माणसाचा पाय हा काही सुरक्षेचा ठोकळा नव्हे. आणि सुटलेल्या गाडीमागे धावून केबिनमध्ये उडी मारायचा प्रयत्न कोणीही करू नये. गाडी भरून मिळते. उताराच्या बाजूला आणि रॅम्पजवळ माणूस उभा राहता कामा नये, इशारा देणारा एकच असावा आणि तो दोघांनाही दिसेल असा उभा असावा.

बंधूंनो, अपघात झाल्यावर पहिला जाब ड्रायव्हरलाच विचारतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत ती २ वर्षांपर्यंत होती. घोड्याचा मालक एक, मशिनचा दुसरा, हमाल तिसऱ्या कंत्राटदाराचे, यार्ड चौथ्याचे. ठोकळे कोणी आणायचे हे मात्र कोणाच्याच कागदावर नाही. १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा संसदेने २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन केले. कायद्याचे नाव बदलले तरी कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याची जबाबदारी मालकावरच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या कराराने तर गंभीर धोका दिसल्यावर कामातून बाजूला होणाऱ्या कामगाराला संरक्षण दिले आहे.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक यार्डात चढ-उतारासाठी सपाट सिमेंटची जागा असावी. ठोकळे आणि टेकू यार्डाच्या खर्चाने मिळावेत, ड्रायव्हरच्या भत्त्यातून नव्हे. ट्रेलरला स्प्रिंग ब्रेक नसेल तर पूर्ण टेकू दिल्याशिवाय मशिन चढवू नये. आणि जागा उताराची आहे म्हणून ड्रायव्हरने किंवा ऑपरेटरने काम थांबवले, तर त्या दिवसाची मजुरी कापू नये. या चार मागण्या मराठी, कन्नड आणि हिंदीत लिहून यार्डमालकांना द्यायच्या आहेत. कन्नड मसुदा इथले सहकारी करीत आहेत. मराठी मसुद्यावर सह्या आजच, सभा संपल्यावर, दाराजवळच्या टेबलावर घेतल्या जातील.